ट्रॅम्पोलिन: घडण आणि उपयोग

सर्कशीच्या तंबूत उंच झुल्यांचा खेळ संपत आला म्हणजे कसरतपटू एकामागून एक खाली ताणलेल्या जाळ्यात उड्या घेतात. प्रेक्षकांच्या लेखी खेळ तेथे संपलेला असतो. काही जण तर चपला शोधू लागलेले असतात. परंतु जाळ्यात पडलेला खेळाडू लगेच उतरत नाही. जाळे त्याला वर फेकते, तो हवेत एखादी कोलांटी घेतो, पुन्हा पडतो, पुन्हा उसळतो, आणि मग जाळ्याची कड धरून खाली येतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास देशी सर्कशीचा पाया घातला तेव्हापासून सर्कस पाहत आलेल्या मराठी माणसाला या दृश्याची अपूर्वाई नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात हेच दृश्य एका शाळकरी मुलाने पाहिले. तो स्वतः कोलांट्या आणि पाण्यातील सूर यांत तरबेज होता. खेळाडूंची ही शेवटची उडी इतकी मौजेची असेल, तर ते उसळणे पुढे चालूच का राहू नये, असा प्रश्न त्याला पडला. त्या मुलाचे नाव जॉर्ज निसेन. १९३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांच्या मोटारखान्यात लोखंडी कोनपट्ट्यांची एक चौकट जोडली आणि तीवर कॅनव्हासचे कापड ताणून बसविले. आज ट्रॅम्पोलिन या नावाने जगभर ओळखले जाणारे साधन या खटपटीतून निघाले.

माणसाला उंच उडविण्याची हौस अर्थातच याहून कितीतरी जुनी आहे. अलास्काच्या किनाऱ्यावरील इन्यूपियाट लोकांच्या देवमाशाच्या शिकारीनंतरच्या उत्सवात कातड्याचा एक मोठा पट पुष्कळ माणसे कडेने धरतात आणि त्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला एका दमात वर उडवितात. स्पेनमध्ये माणसाला घोंगडीत घालून उडविण्याची चाल होती. सर्व्हान्तेसच्या कादंबरीतील सँको पांझा या बिचाऱ्यावर तो प्रसंग ओढवतो, आणि गोया या चित्रकाराने गवताचा बाहुला घोंगडीत उडविणाऱ्या स्त्रियांचे प्रसिद्ध चित्र काढलेले आहे. पण या साऱ्या प्रकारांत उडविण्याचे बळ कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या हातांत असते. आग विझविणारे लोक पूर्वी वरच्या मजल्यावरून उडी घेणाऱ्यांसाठी जे गोल जाळे धरीत, तेही माणसांच्याच हातांवर अवलंबून असे, आणि त्याचे काम तर उसळविण्याचे नसून झेलण्याचे होते. निसेनला हवी होती ती वस्तू निराळी. तिला धरणारे कोणी नको होते. पडणाऱ्याचेच बळ घेऊन ते पडणाऱ्यालाच परत करणारा पट त्याला हवा होता.

पहिल्या प्रयत्नातील कॅनव्हास फारसा उसळेना. कापड ताणले तर ते कडक होई आणि सैल सोडले तर झोळी होई. पटाने स्वतः ताणले जाऊ नये, ताणले जाण्याचे काम त्याच्या कडेला असलेल्या दुसऱ्याच कशाने तरी करावे, ही युक्ती पुढे सुचली आणि तेथेच खरा शोध लागला असे म्हणावयास हरकत नाही. मोटारीच्या चाकातील रबरी नळीच्या पट्ट्या कापून त्यांनी कापड चौकटीला बांधले गेले. आयोवा विद्यापीठात शिकत असताना १९३४ साली निसेनने तेथील प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साहाय्याने हे साधन नीट तडीस नेले. ते मुलांच्या शिबिरात नेऊन पाहिले, तेव्हा मुले त्यावरून उतरावयास तयार होईनात.

नावाची कथाही गमतीची आहे. १९३७ साली निसेन दोन मित्रांसह मेक्सिकोत कसरतीचे खेळ करीत हिंडत होता. तेथे पाण्यात सूर मारण्याच्या लवचिक फळीला स्पॅनिश भाषेत 'त्राम्पोलिन' म्हणतात हे त्याला कळले. हा शब्द त्याने उचलला, इंग्रजी वळणाने त्याच्या शेवटी एक अक्षर जोडले आणि आपल्या मालाचे व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवून टाकला. १९४२ साली ग्रिसवोल्ड आणि निसेन यांनी सीडर रॅपिड्स या गावी कारखाना काढला. इतरांना हा शब्द वापरता येत नसे, म्हणून ते आपल्या मालाला निराळी, लांबलचक नावे देत. परंतु लोकांच्या तोंडी जे नाव बसते ते कायद्याच्या हाती राहत नाही. आपल्याकडे वनस्पती तुपाच्या प्रत्येक डब्याला जसा 'डालडा' म्हणण्याचा प्रघात पडला, तसेच तेथेही झाले, आणि निसेनचे खासगी नाव अखेर सर्वांचे सामान्य नाम बनले.

आता हे साधन घडते कसे ते पाहू. त्याचे मुख्य भाग तीनच: चौकट, स्प्रिंगा आणि पट. यांपैकी चौकट सर्वांत सोपी. पोलादी पत्र्याची लांब पट्टी रुळांच्या जोड्यांमधून ओढीत नेली म्हणजे ती हळूहळू वळत जाऊन नळीचा आकार घेते. जेथे दोन्ही कडा भेटतात तेथे ती सांधली जाते. मग नळीला जस्ताचा मुलामा देतात, कारण घरगुती ट्रॅम्पोलिन बहुधा उघड्यावर, उन्हापावसात पडून असते. अशा नळीचे तुकडे कमानीसारखे वाकवून एकात एक बसविले म्हणजे गोल कडे तयार होते. त्याला खाली पाय जोडतात. या कड्यावर येणारा ताण आतल्या बाजूस, केंद्राकडे ओढणारा असतो. वर्तुळाकार चौकट हा ताण सर्वत्र सारखा वाटून घेते. लांबट चौकोनी चौकटीला ते साधत नाही, तिच्या लांब बाजू आत वाकू पाहतात. म्हणून स्पर्धेच्या चौकोनी ट्रॅम्पोलिनची चौकट पुष्कळच भक्कम आणि तिची किंमतही तशीच भारी असते.

स्प्रिंगेचे काम अधिक नाजूक. तिच्यासाठी अधिक कार्बन असलेल्या पोलादाची तार लागते. ही तार भट्टीतून तापवून नव्हे, तर थंड असतानाच लहान लहान छिद्रांतून ओढून बारीक केलेली असते. अशा ओढण्याने पोलादाच्या अंगी मोठी चिवट ताकद येते. यंत्र या तारेची वेटोळी घालते, आणि ती इतकी घट्ट घालते की एक वेटोळे दुसऱ्याला दाबून बसते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. दाराच्या कडीतील किंवा घड्याळातील स्प्रिंग निराळी आणि ही निराळी. ही ओढून लांब करावयाची स्प्रिंग आहे, आणि तिची वेटोळी मुळातच एकमेकांना चिकटून असल्यामुळे थोडीशी ओढ लावली तरी ती उघडत नाही. ठराविक ओढीच्या पुढे गेल्यावरच ती ताणली जाऊ लागते. दोन्ही टोके निमुळती करून त्यांचे आकडे वळवितात. वळविताना तारेत जो अंतर्गत ताण राहून जातो तो घालविण्यासाठी स्प्रिंगा काही वेळ बेताच्या उष्णतेत ठेवतात. ही पायरी गाळली तर स्प्रिंग दिसावयास तशीच दिसते, पण थोड्याच दिवसांत आकड्याच्या वळणापाशी मोडते. शेवटी तिच्यावरही जस्त चढवितात.

पट दोन जातींचा असतो. घरगुती पट काळ्या रंगाच्या पॉलिप्रॉपिलिन धाग्याचा, मागावर घट्ट विणलेला असतो. काळा रंग शोभेसाठी नसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या धाग्याचे मोठे शत्रू आहेत, आणि धाग्यात मिसळलेली काजळी ते किरण अडवून धरते. पटाची कड दुमडून तीवर जाड फीत ठेवतात आणि अनेक रांगांनी शिवतात. त्या शिवणीतच त्रिकोणी कड्या गुंतवितात. ट्रॅम्पोलिन जेथे फाटते ते बहुतेक या शिवणीतच, मध्यभागी क्वचित. पटाला असंख्य सूक्ष्म छिद्रे राहू दिलेली असतात. ती नसती, तर खाली दबताना पट आपल्याखालची हवा हवाई छत्रीप्रमाणे अडवील आणि उसळी मंद होईल.

स्पर्धेचा पट मात्र पाहण्यासारखा असतो. त्याला कापड म्हणणेच चूक. ती सरळ सरळ नवार आहे. नवारीचा पलंग ज्यांनी विणलेला पाहिला असेल त्यांना तो ताबडतोब ओळखीचा वाटेल. केवळ काही मिलिमीटर रुंदीच्या नायलॉनच्या पट्ट्या उभ्याआडव्या विणून, त्या सरकू नयेत म्हणून टाक्यांनी पक्क्या केलेल्या असतात आणि पट्ट्यांमध्ये चौकोनी भोके मोकळी सोडलेली असतात. त्यातून हवा सहज आरपार जाते. असा पट ४ मीटर २८ सेंटिमीटर लांब आणि २ मीटर १४ सेंटिमीटर रुंद असतो. त्याभोवती शंभराहून अधिक स्प्रिंगा, आणि सबंध चौकट सुमारे ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद. पट जमिनीपासून १ मीटर १५ सेंटिमीटर उंचीवर असतो. पटावर मध्यभागी एक फुली आणि तिच्याभोवती तांबड्या रेषांचा आयत काढलेला असतो. खेळाडूच्या दृष्टीने सारे जग त्या फुलीत साठलेले असते.

जोडणीचीही एक रीत आहे. स्प्रिंगा एका टोकापासून ओळीने लावीत गेले तर निम्म्या लावून होईपर्यंत पट एका बाजूला ओढला जातो आणि उरलेल्या निम्म्या कोणाच्या बापाच्याने लागत नाहीत. तबल्याची वादी ओढणारा कारागीर एकाच बाजूने ओढीत जात नाही. समोरासमोरचा ताण राखीत राखीत तो पुडी बसवितो. ट्रॅम्पोलिनही तसेच बसवावे लागते. आधी चार दिशांना चार स्प्रिंगा, मग त्यांच्या मधोमध आणखी चार, मग पुन्हा उरलेल्या अंतरांच्या मधोमध, अशा क्रमाने ताण सर्वत्र सारखा वाढत जातो.

हे सर्व बसल्यावर जे साधन तयार होते, त्याच्या अंगी स्वतःचे असे बळ कोणतेही नसते. त्यात यंत्र नाही, वीज नाही. वरून पडणारा माणूस पडताना मिळविलेली गती स्प्रिंगांच्या ताणात ठेव म्हणून ठेवतो. क्षणभराने स्प्रिंगा आखडतात आणि ती ठेव त्याला परत करतात. व्याज तर नाहीच, उलट घर्षण, हवा आणि धाग्यांची कुरकुर यांची थोडी कसर कापून घेतात. म्हणूनच पटावर नुसते ताठ उभे राहून कोणी उंच जात नाही. प्रत्येक उसळीला उंची कमी होत जाऊन माणूस अखेर स्थिर होतो. उंची वाढवावयाची तर पट खाली दबत असतानाच पाय सरळ करून त्याला आणखी खाली रेटावे लागते. ठेवीत आपली भर घालावी लागते. याच्या उलट, पट वर येताना गुडघे वाकविले तर ठेव तेथेच जिरते आणि उसळी मरते. चांगले प्रशिक्षक नवशिक्याला पहिल्या दिवशी उडी शिकवीत नाहीत, ही थांबण्याची युक्ती शिकवितात.

कसलेल्या खेळाडूची एक उडी सुमारे १.८ सेकंद हवेत टिकते. निम्मा वेळ चढण्यात आणि निम्मा उतरण्यात जातो असे धरून गणित केले, तर तो पटापासून सुमारे ४ मीटर उंच जातो असे निघते. पटाची स्वतःची उंची आणि खेळाडूचा देह यांची भर घातली तर त्याचे मस्तक दुमजली घराच्या छपराशी पोचते. पट सोडल्यानंतर त्याला आपला मार्ग बदलता येत नाही. कोलांट्या किती, गिरक्या किती, अंग गोळा करावे की ताठ ठेवावे, हे त्याच्या हाती आहे; पण तो कोठे उतरणार हे पट सोडतानाच ठरून गेलेले असते. तोल पटावर चुकतो, आणि चूक कळते ती वर गेल्यावर.

हवेतील या दीड-दोन सेकंदांचे मोल सर्वांच्या आधी वैमानिकांच्या गुरूंना कळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने आपल्या वैमानिकांना ट्रॅम्पोलिनवर चढविले. विमान उलटेपालटे होत असता वर कोणते आणि खाली कोणते याचे भान सुटते आणि पुष्कळ अपघात त्यामुळे होतात. कोलांट्या खात असता क्षितिज नजरेत ठेवण्याची सवय जमिनीवर आणि स्वस्तात लावणारे दुसरे साधन नव्हते. पुढे अंतराळवीरांच्या तयारीतही त्याचा उपयोग झाला. पाण्यात सूर मारणाऱ्यांना, बर्फावरील कसरतपटूंना आणि जिम्नॅस्टना तर ते रोजचेच झाले. कमरेच्या पट्ट्याला बांधलेले दोर वरच्या कप्पीवरून प्रशिक्षकाच्या हाती असतात, आणि नवी गिरकी चुकली तर तो शिष्याला वरच्या वर तोलून धरतो. पाण्यावर आपटत शिकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

वैद्यकाच्या अंगानेही या साधनाकडे पाहिले गेले आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्याला अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचे साहाय्य होते, धावणारे आणि ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारे यांच्या घोट्यावर, पाठीवर आणि मस्तकावर बसणारे हिसके मोजण्यात आले. धावणाऱ्याच्या घोट्याला बसणारा हिसका पाठीच्या नि मस्तकाच्या मानाने दुपटीहून अधिक निघाला; ट्रॅम्पोलिनवर मात्र तिन्ही ठिकाणी तो जवळजवळ सारखा होता. घरात व्यायामासाठी वापरली जाणारी लहान गोल ट्रॅम्पोलिने पुढे याच निष्कर्षाच्या बळावर खपली. त्याहून मोलाचे काम इंग्लंडात झाले. तेथील एडी अँडरसन या शिक्षकाने अपंग मुलांसाठी ट्रॅम्पोलिनवरील उपचाराची पद्धत बसविली. ज्या मुलाचे स्नायू ताठरलेले आहेत, ज्याला उभे राहता येत नाही, त्याला पटावर निजवून जाणकार माणूस हलके हलके डोलवितो. त्या लयीत ताठर अवयव सैल पडतात, सैल अवयवांना तोल सावरण्याची प्रेरणा मिळते. आणि ज्याला आयुष्यात कधी उडी मारता आली नाही त्याला, चार बोटे का होईना, जमीन सुटल्याचा आनंद मिळतो.

खेळ म्हणून ट्रॅम्पोलिनची पहिली जागतिक स्पर्धा १९६४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली आणि डॅन मिलमन व ज्यूडी विल्स या अमेरिकन खेळाडूंनी ती जिंकली. ऑलिंपिकची दारे उघडावयास मात्र पुढे छत्तीस वर्षे गेली. २००० साली सिडनी येथे रशियाच्या अलेक्झांडर मोस्कालेन्को आणि इरिना कारावायेवा यांनी पहिली सुवर्णपदके मिळविली, तेव्हा शहाऐंशी वर्षांचे जॉर्ज निसेन ते पाहावयास हजर होते. आता खेळाडूला न थांबता दहा उड्यांची मालिका करावी लागते, आणि सफाई व अवघडपणा यांच्याबरोबरच हवेत घालविलेला वेळ व फुलीपासून झालेली फारकत यांचेही गुण मोजले जातात. भारतात हा खेळ अजून बाल्यावस्थेत असला तरी अपरिचित नाही; २०२३ साली गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश होता.

येथवरची कथा ऐकून प्रत्येक अंगणात एक ट्रॅम्पोलिन असावे असे कोणासही वाटेल. अमेरिकेत तसेच वाटले होते. १९६० च्या सुमारास तेथे गावोगाव पेट्रोल पंपांच्या शेजारी जमिनीत खड्डे खणून त्यांवर पट ताणले गेले आणि अर्ध्या तासाला अमुक पैसे या दराने लोक उड्या मारू लागले. शिकविणारा कोणी नाही, थांबविणारा कोणी नाही. निसेननेही त्या काळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका कांगारूबरोबर उड्या मारून आपल्या मालाची जाहिरात केली; ते छायाचित्र अजून छापले जाते. परंतु माना आणि हातपाय मोडू लागले, दावे उभे राहिले, विम्याचे दर चढले, आणि ती लाट जितक्या लवकर आली तितक्याच लवकर ओसरली. १९७७ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शाळांतून ट्रॅम्पोलिन काढून टाकावे असे सांगितले. १९९९ साली तिने घरातही ते नको असा सल्ला दिला, आणि २०१२ साली घरगुती करमणुकीसाठी त्याचा वापर करू नये या मताचा पुनरुच्चार केला.

पडणाऱ्याला वाचविणाऱ्या जाळ्यापासून जन्मलेली वस्तू पडणाऱ्याला इजा करणारी कशी झाली, याचे उत्तर त्या ठेवीच्या हिशेबातच आहे. त्या अकादमीने दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे तीन चतुर्थांश इजा एका पटावर एकाहून अधिक माणसे असताना होतात. कारण दोघे एका पटावर आले की खाते सामाईक होते, आणि स्प्रिंगा ठेव कोणाची हे पाहत नाहीत. समजा, ७५ किलो वजनाचा बाप केवळ अर्ध्या मीटरवरून पटावर आला आणि त्याच क्षणी शेजारी १५ किलोचे मूल पाय टेकून उभे आहे. बापाने ठेवलेले सारे बळ मुलाच्या वाट्यास आले, तर वजन पाचपट कमी म्हणून उंची पाचपट अधिक, म्हणजे अडीच मीटर होते. सगळे बळ तसे कधी जात नाही हे खरे, पण निम्मे गेले तरी सव्वा मीटर झाले. आणि त्या मुलाने तेवढी उडी स्वतः मारलेली नसते, कोणीतरी ती त्याच्याकडून मारवून घेतलेली असते. कसे उतरावे हे त्याला ठाऊक नसते.

याची दुसरी बाजू याहून वाईट. मूल वरून खाली येत आहे आणि बापाच्या उडीने पट त्याच वेळी वर येत आहे, असा योग जुळला म्हणजे तो मऊ पट मुलाच्या पायांना फरसबंदीसारखा लागतो. सहा वर्षांखालील मुलांच्या नडगीचे हाड गुडघ्याच्या थोडे खाली मोडते, त्याला शस्त्रवैद्यांनी ट्रॅम्पोलिनचे नावच देऊन ठेवले आहे. मूल खाली पडलेले नसते, कोणाशी आपटलेलेही नसते. ते पटाच्या मध्यभागी, आईबापांच्या डोळ्यांसमोर, हसत असते. म्हणून घरच्या माणसांना प्रथम ती इजा खरीच वाटत नाही. भोवतीची उंच जाळी येथे निरुपयोगी आहे. जाळी बाहेर पडणे अडवील, पण ठेवीचा हिशेब ती कसा बदलणार? उलट जाळी आहे म्हणून आणखी दोन मुलांना आत सोडले जाते.

कारखानदारांनी जे करता येण्यासारखे होते ते पुष्कळ केले आहे. स्प्रिंगांवर रबरी फेसाच्या जाड गाद्या आल्या. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील कीथ अलेक्झांडर या अभियंत्याने तर स्प्रिंगाच काढून टाकल्या. त्यांनी काचतंतूंच्या लवचिक काठ्या पटाच्या कडेपासून तिरप्या खाली नेऊन जमिनीलगतच्या चौकटीत रोवल्या. पट वर, चौकट खाली, आणि पडणाऱ्याच्या वाटेत लोखंड नाही. युरोपात घरगुती ट्रॅम्पोलिनसाठी २०१४ साली स्वतंत्र मानक निघाले. परंतु पटावर एका वेळी एकानेच जावे, ही गोष्ट कोणत्याही कारखान्यात तयार करता येत नाही.

आपल्याकडे ट्रॅम्पोलिन घराच्या अंगणापेक्षा जत्रेत आणि बाजारात अधिक भेटते. पुणे, मुंबई, हैदराबाद यांसारख्या शहरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत पटांची जाळी पसरलेल्या उड्यांच्या शाळाच निघाल्या आहेत. जत्रांतून मुलांच्या कमरेला पट्टा बांधून दोन्ही बाजूंच्या रबरी दोरांनी त्यांना उंच उडवितात. तिकीट काढण्यापूर्वी वडीलधाऱ्या माणसाला पाहता येण्यासारख्या गोष्टी अगदी थोड्या, पण डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. एका पटावर किती मुले सोडतात. लहानांची आणि मोठ्यांची वेळ निराळी आहे की नाही. कोलांटी मारू पाहणाऱ्याला कोणी हटकतो की टाळ्या वाजवितो. मग चौकटीकडे पाहावे. गादीचा कोपरा उचलला की स्प्रिंगा दिसतात. एखादी गळालेली असेल तर तिच्या शेजारच्या दोघींवर तिचा भार पडत असतो, आणि पट त्या बाजूला किंचित तिरपा उसळतो. कडेची शिवण उसवली आहे का, काळा पट उन्हाने करडा पडून त्याचे धागे नखाने तुटतात का, हेही तेथेच कळते. स्प्रिंगेची परीक्षा मात्र ती काढून हातात घेतल्याशिवाय होत नाही. चांगल्या स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. जी उजेडासमोर धरली असता वेटोळ्यांमधून पलीकडचे दिसते, ती जाणते लोक पुन्हा लावीत नाहीत.